फक्त काळं छापतोय, मग पिवळी शाई जाते कुठे?

सेतूखिडकी

नमस्कार मंडळी. केंद्रावर चार बाटल्यांचा टँकवाला इंकजेट आहे. छपाई जवळपास सगळी काळीच: सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, हॉलतिकिटं. रोजची ६०-७० पानं. साध्या ७० जीएसएम कागदावर. काळी टाकी झपाट्याने उतरते त्याचं काही नाही, पण निळी, गुलाबी, पिवळी या तिन्हीही बोटभर खाली गेल्यात, आणि त्यातही पिवळी जास्त. कॉम्प्युटरवरून देताना मी न चुकता 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडतो. व्हॉट्सॅपवर आलेली कागदपत्रं मात्र थेट मोबाइलवरून सोडतो.

दोन प्रश्न. रंगीत शाई नेमकी कुठे जाते? आणि पिवळी संपली तर न भरता नुसतं काळं छापत राहिलो तर चालेल का?

नोझलबाबा

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्यात नुकसान आहे: चालणार नाही. टाकी कोरडी पडू देऊ नका. कारण खाली खटपट्या सांगतीलच, ते यंत्रं उघडणारे आहेत.

आता पहिलं. शाई दोन वाटांनी जाते. एक वाट ड्रायव्हरची (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर), म्हणजे कागदावर पडणारी. दुसरी पंपाची, म्हणजे कागदावर न पडताच जाणारी. पहिली तुम्ही जवळपास बंद करू शकता. दुसरी फक्त कमी होते.

ड्रायव्हरचं असं आहे की 'ब्लॅक अँड व्हाइट' किंवा 'ग्रेस्केल' याचा अर्थ 'फक्त काळी शाई वापर' असा होतच नाही. त्याचा अर्थ 'पान दिसायला बिनरंगी दिसू दे' एवढाच. ते बिनरंगी कशातून बनवायचं हे ड्रायव्हर ठरवतो. कॅननच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की ग्रेस्केल छापतानाही काळ्याशिवाय इतर शाया वापरल्या जाऊ शकतात. एप्सनही तेच सांगतं: कागदाचा प्रकार आणि दर्जा यांवर अवलंबून रंग मिसळून काळा तयार केला जातो.

असं का करतात? फिकट करडा रंग घ्या. तुमच्यासारख्या चार शायांच्या इंकजेटकडे करडी शाई नसते. काळ्या थेंबांनी करडा दाखवायचा तर थेंब विरळ टाकावे लागतात, आणि पांढऱ्या कागदावर विरळ काळे थेंब म्हणजे सांडलेली मोहरी. डोळ्याला रवाळ दिसतं. त्याऐवजी निळा, गुलाबी, पिवळा यांचे थेंब जवळजवळ टाकले की तिन्ही मिळून करडा होतो आणि रवाळपणा दिसत नाही. तुमच्या सातबाऱ्याचंच पान घ्या. अक्षरं काळी, पण मजकुरामागे फिकट वॉटरमार्क असतो. अक्षरं काळ्यातून येतील, वॉटरमार्कला तिन्ही रंग लागतील. एका पानाला ते नगण्य आहे, पण तुमची महिन्याची दीड हजार पानं होतात.

दुसरा आणि जास्त मोठा घटक म्हणजे कागदाचा प्रकार. पुष्कळ प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत डायच्या. पिगमेंट म्हणजे काजळीचे बारीक कण. ते साध्या कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, म्हणून अक्षर ठसठशीत येतं. डाय मात्र विरघळलेली असते, कागदात मुरते. चकचकीत फोटो पेपरच्या लेपावर हे कण नीट बसत नाहीत, बोट फिरवलं की पुसले जातात. म्हणून ड्रायव्हरमध्ये 'मीडिया टाइप'ला फोटो पेपर, ग्लॉसी, मॅट असं काहीही असलं की चार शायांच्या अशा यंत्रात पिगमेंट काळा बाजूला ठेवला जातो आणि काळा रंग तिन्ही रंगांतून बनतो. कुणीतरी एकदा फोटो छापला, सेटिंग तसंच राहिलं, आणि महिनाभर दाखले तिरंगी काळ्यात निघत राहिले, हा प्रकार सर्रास होतो. सगळ्यात आधी तेच तपासा.

ओळखायचं कसं? पान उन्हात धरा. मिसळलेला काळा थोडा तपकिरी किंवा हिरवट मारतो. किंवा मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने वॉटरमार्कवर बघा, निळे-गुलाबी ठिपके सुटे दिसतात. पाण्याचा थेंब टाकून बघायचा (काळा पसरला तर मिसळलेला) सल्ला बरेच देतात, पण तो पिगमेंट काळ्यालाच लागू. एप्सनच्या ६६४ सारख्या बाटल्यांत काळाही डायच असतो, तो पाण्याने फुटणारच. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

खटपट्या

पंपाचं मी सांगतो.

प्रिंटर उघडा आणि हेड, म्हणजे शाई उडवणारा सरकता भाग, जिथे विसावतं तो उजवा कोपरा बघा. तिथे रबराची कड असलेली चौकोनी वाटी असते, आत स्पंजाची पट्टी. ती कॅप. काम नसताना हेड तिच्यावर घट्ट बसतं, म्हणजे नोझल (शाईची बारीक छिद्रं) वाळत नाहीत. कॅपच्या खालून एक नळी पंपाला जाते आणि पंपातून वापरलेली शाई तळातल्या पॅडमध्ये. क्लीनिंग म्हणजे हा पंप कॅपमधून शाई ओढतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त टँक मॉडेलांत चारही रंगांना मिळून एकच कॅप असते. पंपाला रंग कळत नाही. काळी एक नोझल बंद म्हणून क्लीनिंग दिलंत तरी चारही टाक्यांतून शाई जाते.

याशिवाय छापता छापता हेड मधूनच कडेला जाऊन प्रत्येक रंगाचे थोडे थेंब थुंकून येतं. न वापरलेल्या रंगाचं पाणी नोझलच्या तोंडाशी उडून शाई घट्ट होते म्हणून. तुम्ही रंग वापरत नाही म्हणून तो थुंकावा लागतो, असा हा उलटा मामला आहे.

हा खर्च कमी कसा होईल:

प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. लाइट विझेपर्यंत थांबा, मग बोर्डाचं बटण. थेट बोर्ड बंद केला आणि हेड मध्येच असलं तर कॅप लागत नाही, रात्रभरात नोझल वाळतात आणि सकाळी दोन-तीन क्लीनिंग जातात. वीज जायचा त्रास असेल तर इंकजेटला छोटा यूपीएस चालतो. लेझरला तो लावू नका, त्याचा फ्यूजर, म्हणजे छपाई कागदावर पक्की करणारा गरम भाग, तापताना एकदम करंट ओढतो.

दिवसातून चार वेळा चालू-बंद करू नका. चालू होताना यंत्र तयारी करतं आणि त्यात थोडी शाई जाऊ शकते. सकाळी चालू, संध्याकाळी बंद.

क्लीनिंगच्या आधी नोझल चेकचं पान काढा. रेषा अखंड असतील तर क्लीनिंग देऊच नका. फिकट प्रिंट म्हणजे नोझलच असं नसतं, कधी ड्राफ्ट मोड राहिलेला असतो. तीन वेळा चेक आणि क्लीनिंग करूनही रेष तुटत असेल तर थांबा. प्रिंटर बंद करून १२ तास तसाच ठेवा. अडकलेला हवेचा बुडबुडा बरेचदा आपोआप सरकतो. पॉवर क्लीनिंग हा शेवटचा उपाय. एप्सनच्या टँक मॉडेलांत त्यासाठी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली लागते आणि पुन्हा द्यायचं तर मध्ये १२ तास जाऊ द्यावे लागतात. नळीतली सगळी शाई बदलते एवढी ओढ असते, म्हणून हात आखडता ठेवा.

कॅननच्या ड्रायव्हरमध्ये क्लीनिंग देताना बऱ्याच मॉडेलांत 'इंक ग्रुप' विचारतात. काळ्याच्याच रेषा तुटल्या असतील तर तिथे 'ब्लॅक' निवडा. ही सोय असून कुणी वापरत नाही.

आता पिवळी कोरडी पडली तर काय. टाकी रिकामी झाली की पंप शाईऐवजी हवा ओढतो. ती हवा नळीत, तिथून हेडवरच्या छोट्या कप्प्यात. नंतर बाटली ओतून उपयोग नाही, नळीत आधी हवेचा खंड बसलेला असतो. तो काढायला पॉवर क्लीनिंग, म्हणजे चारही रंगांची शाई वाया. वर ती सगळी पॅडमध्ये जाते आणि पॅडचा काउंटर भरला की यंत्र छापायचंच थांबतं. पिवळ्याचे वाचवलेले पैसे इथे दामदुप्पट जातात. आणखी एक: ज्यांच्या हेडमध्ये शाई तापवून उडवतात, म्हणजे कॅनन आणि एचपी, तिथे कोरड्या नोझलचा हीटर शाईविना तापतो आणि जळतो. बऱ्याच टँक मॉडेलांना टाकीत सेन्सर नसतो, त्यामुळे यंत्र तुम्हाला अडवणार नाही. खालच्या रेघेला शाई आली की भरायची.

पॅडवरून आठवलं. नवं घेणार असाल तर पॅड ग्राहकाला बदलता येतं का ते विचारा. कॅननच्या जी२०२०, जी३०२० ला एमसी-जी०२ नावाची सुटी मेंटेनन्स कार्ट्रिज आहे, हातांनी बदलता येते. आधीच्या जी२०१०, जी३०१० ला ती सोय नाही.

मिश्कील_मॅजेंटा

एवढं लांबण कशाला? पिवळी शाई जाते कारण प्रिंटर प्रत्येक पानावर न दिसणारे पिवळे ठिपके छापतो, पान कुठल्या यंत्रातून निघालं ते सरकारला कळावं म्हणून. गुगल करा.

डीटीपीकर

ठिपक्यांची गोष्ट खरी आहे, यंत्र चुकीचं पकडलंत. ते ठिपके रंगीत लेझर प्रिंटर आणि कॉपिअरमध्ये सापडले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्राचा नमुना उलगडून दाखवला: १५ बाय ८ ची जाळी, तिच्यात तारीख, वेळ आणि यंत्राचा अनुक्रमांक, पानभर पुन्हा पुन्हा छापलेली. निळ्या एलईडीच्या उजेडात दिसते. घरगुती इंकजेटमधल्या पिवळ्या शाईचा हिशेब त्यातून लागत नाही. तिथे वर सांगितलेली दोनच कारणं पुरतात.

मला तिसरी बाजू मांडायची आहे, फाइलची. काळं दिसतं ते काळं असतंच असं नाही. वर्डमध्ये फॉन्ट रंग 'ऑटोमॅटिक' असेल तर तो शुद्ध काळा, लाल-हिरवा-निळा तिन्ही शून्य. पण वेबसाइटवरचा मजकूर बहुतेकदा गडद करडा असतो, तिन्ही आकडे ५१ च्या आसपास. स्क्रीनवर डोळ्याला सुखावतो, कागदावर ड्रायव्हर त्याला करडाच समजतो आणि अक्षराच्या पोटात रंग मिसळतो. हॉलतिकिटं थेट ब्राउझरमधून छापलीत तर हे होतं.

स्क्रीनशॉट त्याहून वाईट. विंडोजची क्लिअरटाइप सोय अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेच्या पिक्सेलना लालसर-निळसर छटा देते. स्क्रीनशॉट चारशे टक्के मोठा करून बघा, 'क'च्या उभ्या दांड्याला एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर किनार दिसेल. रंगीत मोडमध्ये छापलंत तर प्रत्येक अक्षराच्या कडेला रंग जातो. पीडीएफ उपलब्ध असताना स्क्रीनशॉट छापू नये, याचं हे एक कारण.

आणि तुमची पिवळी जास्त का उतरते याचा माझा अंदाज: मोबाइल. लोक घरातल्या पिवळ्या बल्बखाली कागदाचा फोटो काढून पाठवतात. आपल्या डोळ्याला तो पांढरा कागद वाटतो, फोटोत तो पिवळट असतो. मोबाइलवरून छापताना रंग बहुधा 'कलर'वरच असतो. म्हणजे मजकूर चार ओळींचा आणि पिवळी शाई अख्ख्या पानभर. त्याला 'ग्रेस्केल' करून भागत नाही, कारण मग पिवळटाचा करडा होतो आणि करड्याला पुन्हा तिन्ही रंग. पार्श्वभूमी पांढरीच करावी लागते. फोनमधल्या कुठल्याही स्कॅनर ॲपमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर असतो, तो कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळं करतो. फिल्टर लावून, पीडीएफ करून, मग छापा.

अवांतर: ऑफसेटला हे सगळं उलटं असतं. तिथे मोठ्या काळ्या पट्ट्याला आम्ही मुद्दाम काळ्याखाली इतर रंग देतो, त्याशिवाय काळा भरीव दिसत नाही. पण बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवरच हवा (प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते). कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीचा, काळा तसाच राहिला तर अक्षर चार प्लेटांवर जातं, प्लेट केसभर हलली की शिरोरेषेवर गुलाबी सावली. लग्नपत्रिकेत वरमाईचं नाव असं छापून आलं की छापखान्यात कोण येतं ते सांगायला नको.

सेतूखिडकी

मॅक्रोने बघितलं, वॉटरमार्कमध्ये ठिपके सरळ दिसतात. मीडिया टाइप खरंच मॅटवर होता. बदलला. पण अडचण अशी की वर्डमधून बदललं की त्या वेळेपुरतं राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनं. आणि अधूनमधून फोटो छापावेच लागतात. दर वेळी बदलत बसायचं का?

नोझलबाबा

वर्डच्या प्रिंट खिडकीतून जे बदलता ते तेवढ्या कामापुरतं असतं. कायमचं करायचं तर (विंडोज १० मध्ये) कंट्रोल पॅनेल, डिव्हायसेस अँड प्रिंटर्स, प्रिंटरवर राइट क्लिक, 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'. पण तुमच्यासाठी त्याहून सोयीचं म्हणजे एकाच यंत्राची दोन नावं करणं.

आधी 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' उघडून खूण कुठे आहे ते लिहून ठेवा, बहुधा यूएसबी००१. मग 'ॲड अ प्रिंटर', यंत्र सापडलं तरी ते न निवडता खालचा 'मॅन्युअल सेटिंग्ज'चा पर्याय, 'यूज ॲन एक्झिस्टिंग पोर्ट'मध्ये तोच पोर्ट, यादीतून तोच ड्रायव्हर, 'सध्या असलेला ड्रायव्हर वापरा', आणि नाव द्या 'दाखले काळे'. जुन्याचं नाव 'फोटो रंगीत' करा. डिव्हायसेसच्या खिडकीत दोन्ही मिळून एकच चित्र दिसेल, घाबरू नका, छापताना यादीत दोन नावं येतात. 'दाखले काळे' डीफॉल्ट करा आणि विंडोजच्या सेटिंगमधलं 'विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या' बंद करा, नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो आणि दाखले फोटोच्या सेटिंगवर जातात.

मग 'दाखले काळे'च्या प्रेफरन्सेसमध्ये, कंपनीनुसार:

एप्सन: पेपर टाइप 'प्लेन पेपर', क्वालिटी 'स्टँडर्ड', कलर 'ब्लॅक/ग्रेस्केल'. 'हाय'वर नेऊ नका, दर्जा चढवला की रंग मिसळण्याची शक्यता वाढते. एल३११० सारख्या यंत्रात काळ्याला १८० नोझल आहेत आणि प्रत्येक रंगाला ५९, म्हणजे नुसत्या काळ्यात वेगही मिळतो.

एचपी: 'पेपर/क्वालिटी', तिथून 'ॲडव्हान्स्ड', 'प्रिंट इन ग्रेस्केल'समोर 'ब्लॅक इंक ओन्ली'. शेजारी 'हाय क्वालिटी ग्रेस्केल' असतं, ते घेतलंत की रंग आले.

कॅननच्या दोन कार्ट्रिजवाल्या यंत्रांत: 'मेंटेनन्स' टॅब, 'इंक कार्ट्रिज सेटिंग्ज', 'ब्लॅक ओन्ली'. पण कागद प्लेन नसेल किंवा बॉर्डरलेस निवडलं असेल तर हे सेटिंग असूनही रंगीत कार्ट्रिज वापरली जाते. आणि रंगीत कार्ट्रिज काढून ठेवता येत नाही, दोन्ही जागेवर लागतात. एचपीच्या दोन कार्ट्रिजवाल्या डेस्कजेटांत मात्र रंगीत काढून एकट्या काळ्यावर चालतं. तुमच्या टँकला यातलं काहीच लागू नाही, दुसरं कुणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

हे पर्याय दिसलेच नाहीत तर ड्रायव्हर कंपनीचा नाही, विंडोजने आपणहून टाकलेला आयपीपी क्लास ड्रायव्हर, म्हणजे सगळ्या प्रिंटरांसाठीचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. त्यात कलर किंवा मोनो एवढंच असतं. कंपनीच्या साइटवरून पूर्ण ड्रायव्हर टाका.

क्रोममधून छापताना कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, म्हणजे सिस्टिमची खिडकी उघडते आणि ड्रायव्हरचे पर्याय मिळतात. लिब्रेऑफिसमध्ये 'प्रिंट टेक्स्ट इन ब्लॅक' अशी वेगळी खूण आहे, करडा आणि रंगीत मजकूर थेट काळा करते.

खटपट्या

एक भर. सेटिंग सगळं काळं करून टाकलंत तरी आठवड्यातून एकदा 'फोटो रंगीत'वरून एक रंगीत पान काढा, चारही रंगांच्या जाड पट्ट्या असतील असं. नोझल चेकच्या पानात बारीक रेषाच असतात, तेवढ्याने नळीतली शाई हलत नाही. एका पट्टीच्या पानाला जेवढी शाई लागते त्याच्या कैकपट एका क्लीनिंगला जाते. आणि मेमध्ये प्रिंटर पत्र्याच्या छपराखाली, पंख्याच्या झोतात ठेवू नका. तिथे पिवळी सगळ्यात आधी वाळते असा समज आहे, तो खरा नाही, जी वापरात नाही ती वाळते.

सेतूखिडकी

दोन नावं केली, चाललं. मोबाइलवरून आलेल्यांचं काय? स्कॅनर ॲपला दर गिऱ्हाइकामागे मिनिट जातं.

डीटीपीकर

कॉम्प्युटरवर व्हॉट्सॅप वेब उघडा, फोटो उतरवा. विंडोजच्या पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मध्ये 'मोनोक्रोम बिटमॅप' निवडा. फोटो चांगल्या उजेडातला असेल तर दहा सेकंदांत काम होतं. सावली पडलेला असेल तर तो कोपरा काळा ठिपकट येतो, तेव्हा ॲपच घ्या. गिऱ्हाइकाला 'खिडकीपाशी दिवसाउजेडी काढून पाठवा' अशी पाटी लावलीत तर निम्मं काम तिथेच होतं. ओळखपत्रावरचा फोटो मोनोक्रोमला टिकत नाही, चेहरा गायब होतो. आधारची झेरॉक्स 'दाखले काळे'वरून साध्या ग्रेस्केलमध्येच काढा, तिथे थोडा रंग जाईल तो जाऊ द्या.